अमेरिकेची यादवी आणि दख्खनची कर्जखते

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमा झाले. आज बारामती तालुक्यात मोडणारे हे गाव त्या काळी बाजारपेठेचे होते आणि तेथे सावकारांची व दुकानदारांची बरीच वस्ती होती. जमावाची मुख्य मागणी एकच होती. सावकारांनी आपल्या वह्या आणि शेतकऱ्यांची कर्जखते बाहेर काढावीत. ज्यांनी कागद दिले त्यांना सहसा फारसा उपद्रव झाला नाही. हाती आलेल्या कागदांची होळी करण्यात आली. काही दुकाने लुटली गेली आणि काही ठिकाणी सावकारांच्या घरांना आगही लावण्यात आली. पुढील दोन महिन्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हेच लोण पोहोचले. पोलिसांबरोबर लष्करही बोलवावे लागले आणि सुमारे साडेनऊशे लोक पकडले गेले. इतिहासात हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदले गेले आहे.

या दंग्यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी सरकारने एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा, सावकारांची लबाडी, दिवाणी कोर्टांचा कारभार ही कारणे त्यात येणे स्वाभाविकच होते. परंतु त्या चौकशीत आणखी एका घटनेचा पुन्हा पुन्हा उल्लेख येतो आणि तो वाचताना प्रथम आश्चर्य वाटते. ती घटना म्हणजे दहा वर्षांपूर्वी संपलेले अमेरिकेतील यादवी युद्ध. ज्या युद्धात या देशातील एकही पलटण लढली नाही, त्याचा भीमा-कऱ्हेच्या खोऱ्यातील कुणब्याच्या कर्जखताशी संबंध कसा पोहोचला, हे पाहणे उद्बोधक आहे. युद्धांच्या मुळाशी आर्थिक हितसंबंध असतात हे विधान आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. ते हितसंबंध युद्ध संपल्यानंतर कोणाच्या माथी काय मारून जातात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६० च्या सुमारास सुमारे चाळीस लक्ष निग्रो गुलाम होते. त्यांच्या श्रमावर तेथील कापसाची शेती चाले आणि अमेरिकेच्या एकंदर निर्यातीच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा असे. गुलाम ही मालकाची मालमत्ता मानली जाई. या मनुष्यरूपी मालमत्तेची किंमत देशातील सर्व रेल्वे आणि सर्व कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा अधिक होती, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. जकातीच्या दरांवरून उत्तर व दक्षिण यांच्यात वाद होते, घटनेच्या अर्थाविषयीही मतभेद होते. तथापि खरा पेच गुलामगिरीचाच होता. नव्याने वसणाऱ्या पश्चिमेकडील मुलखात गुलामगिरी नेता येणार नाही, असे म्हणणाऱ्या पक्षाचे अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा दक्षिणेच्या मळेवाल्यांना आपल्या संपत्तीचा पायाच हादरल्यासारखे वाटले. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि युद्धाला तोंड फुटले.

दक्षिणेचा सर्व भरवसा कापसावर होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. हा पुरवठा थांबला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि ब्रिटनला आपल्या बाजूने उभे राहण्यावाचून गत्यंतर उरणार नाही, असा दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. लिंकन यांनी बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. पण १८६१ मध्ये ती अजून ढिली असताना दक्षिणेतील लोकांनी स्वतःहूनच कापूस अडवून धरला. १८६३ मध्ये त्यांनी युरोपच्या बाजारात तीस लक्ष पौंडांचे कर्ज उभारले. त्याचे रोखे कापसाच्या मोबदल्यात वटवता येत असत. ठरलेला भाव पौंडाला सहा पेन्स होता आणि बाजारभाव त्याच्या कितीतरी वर गेला होता. युरोपातील धनिकांनी हे रोखे घेतले, त्यात दक्षिणेविषयीच्या प्रेमापेक्षा कापसाच्या भावाचे आकर्षण अधिक होते.

हा हिशेब फसला. त्याचे एक कारण असे की मागील वर्षांच्या भरघोस पिकामुळे ब्रिटनच्या वखारींत भरपूर माल शिल्लक होता. दुसरे कारण, ब्रिटनला कापूस पुरवू शकणारे देश आणखीही होते. आणि तिसरे कारण केवळ पैशाच्या भाषेत सांगता येणार नाही. १८६२ च्या अखेरीस लँकेशायरमध्ये सुमारे पाच लक्ष लोक धर्मादाय मदतीवर जगत होते. अशा स्थितीत ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टर येथे भरलेल्या सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना पाठविण्याचे ठरविले. लिंकन यांनी त्याला कृतज्ञतेचे उत्तर दिले. सारे लँकेशायर एकमताचे होते असे नाही. दक्षिणेची बाजू घेणारेही तेथे होते. परंतु पोटाला चिमटा बसत असताना न्यायाची बाजू घेणारी माणसे तेथे निघाली, ही गोष्ट आर्थिक कारणांनी सर्व इतिहास उलगडू पाहणाऱ्याने विसरू नये.

ब्रिटनची दृष्टी मग हिंदुस्थानकडे वळली. अमेरिकेवर फार विसंबून राहणे धोक्याचे आहे हे तेथील गिरणीवाल्यांनी आधीच ओळखले होते आणि १८५७ मध्ये कापूसपुरवठ्याची एक संस्थाही त्यांनी स्थापली होती. हिंदी कापसाचा धागा आखूड, त्यात भेसळही होई, म्हणून एरवी ते त्याला नाके मुरडीत. आता तोच कापूस ते पदर पसरून मागू लागले. १८६२ मध्ये ब्रिटनने आयात केलेल्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश हिंदुस्थानातून गेला. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा भाव युद्धापूर्वी पौंडाला सात-आठ पेन्स असे. १८६४ मध्ये तो सत्तावीस पेन्सांच्या वर पोहोचला. त्याच्या मागोमाग गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाड येथील कापसाचे भावही चढले.

मुंबई शहरात या काळात जणू सोन्याचा पाऊस पडला. युद्धाच्या चार-पाच वर्षांत कापसाच्या चढ्या भावामुळे मुंबईत सात-आठ कोटी पौंडांची जादा भर पडली, असा जुना अंदाज आहे. गाद्या-उशांतील कापूससुद्धा लोकांनी उसवून विकला, असे सांगतात. एवढा पैसा गुंतवायला पुरेसे उद्योग शहरात नव्हते. म्हणून नवनव्या बँका, पेढ्या आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे होते. मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही उभा असलेला राजाबाई टॉवर त्यांच्या त्या वेळच्या देणगीतून झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळे करण्याचे कामही याच वर्षांत झाले.

९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे जनरल ली यांनी शरणागती पत्करली. शांतता जवळ आल्याच्या नुसत्या वार्तांनीच भाव डळमळू लागले होते. आता ते कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. सरकारचा भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. ती गुंडाळून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. मुंबईच्या या पडझडीची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते आणि ती सहसा येथेच संपते. खेड्यांची कथा मात्र येथूनच सुरू होते.

सुपे, इंदापूर, शिरूर हा टापू कोरडवाहू जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. येथील मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे. कापसाचे येथे विशेष महत्त्व नव्हते. म्हणून कापसाची तेजी येथे पोहोचलीच कशी, असा प्रश्न कोणी विचारील. ती तीन वाटांनी पोहोचली. खानदेश-वऱ्हाडात धान्याच्या जमिनी कापसाखाली गेल्या, तेव्हा धान्य महागले आणि दख्खनच्या ज्वारीलाही चांगला भाव आला. त्याच सुमारास रेल्वेची मोठी कामे चालू होती. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. त्यामुळे मजुरीचे दर वाढले आणि ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याला भाडे मिळू लागले. तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची होती आणि ती म्हणजे उधारीची. मुंबईच्या पेढीकडून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे आणि त्याच्याकडून गावच्या सावकाराकडे पैसा सढळपणे वाहू लागला. भाव चढे आहेत तोवर कर्ज बुडण्याचे भय नव्हते. सावकार देत गेला, शेतकरी घेत गेला. बैल, विहीर, लग्न यांसाठी अंगठे उठले. त्यात उधळेपणाच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार वर्षे चांगला भाव मिळाल्यावर पाचव्या वर्षीही तो मिळेल असे समजण्याची चूक मुंबईच्या मुरलेल्या व्यापाऱ्यांनीही केली होती.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेचा कापूस पुन्हा लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईच्या पेढ्यांनी हात आखडता घेतला, त्याबरोबर सावकारानेही घेतला. रेल्वेची घाटातील कामे संपली आणि मजुरी उतरली. १८७० नंतर धान्याचे भावही घसरले. नेमक्या याच वेळी सरकारचे एक जुने घड्याळ वाजले.

मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची घडी गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात बसविली होती. साऱ्याचे दर तीस वर्षांसाठी ठरविलेले होते. ही मुदत युद्धाच्या तेजीनंतर लगेचच संपली आणि १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली. मधल्या तीस वर्षांत लागवड वाढली होती, रेल्वे आली होती. त्यामुळे सारा वाढविण्याला कागदावर आधार नव्हता असे नाही. परंतु अधिकाऱ्यांपुढे भावांचे जे तक्ते होते, त्यांत युद्धकाळाची वर्षेही होती. अपवादाची वर्षे नियमाची म्हणून धरली गेली. अनेक गावांत सारा पन्नास टक्क्यांनी आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक, अगदी दुपटीपर्यंत वाढला. ज्या भावाच्या आधारावर तो वाढला होता, तो भाव अल्पावधीतच नाहीसा झाला. वाढलेला सारा मात्र पुढील तीस वर्षांसाठी कायम होता.

हा सारा रोख भरावा लागे आणि त्यासाठी शेतकरी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जाई. तेथे एक कायदा त्याची वाट पाहत होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कर्ज वर्षानुवर्षे चिघळू नये आणि ऋणको सुरक्षित राहावा, हा त्यातील हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी जुने खत रद्द करून नवे लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरले, तर १८६६ मध्ये १०० रुपयांचे लिहिलेले खत १८६९ मध्ये १७२ रुपयांचे, १८७२ मध्ये सुमारे २९६ रुपयांचे आणि १८७५ मध्ये ५०० रुपयांहून अधिक होते. मध्यंतरी केलेला भरणा वहीत नोंदला जाईलच, याची शाश्वती नव्हती. पावती मागण्याची रीत नव्हती आणि लिहिलेले वाचण्याची विद्याही नव्हती. दावा झाला की निरक्षर कुणबी दूरच्या कोर्टात हजर होत नसे. निकाल एकतर्फी लागे. हुकूमनाम्यावरून प्रथम बैल जात आणि मग जमीन.

शेतकऱ्यांनी सुरुवातीस अर्ज-विनंत्यांचा मार्गच धरला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० नंतर गणेश वासुदेव जोशी यांच्या नेतृत्वाखाली या वाढीव साऱ्याची चौकशी करून सरकारकडे दाद मागितली. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातली. तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६ टक्के आणि एका खातेदाराला १०० टक्के यांपेक्षा अधिक वाढ होऊ नये, असे ठरले. पण तोवर उशीर झाला होता. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावाने एका सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे शेत कोणी कसेना, त्याच्या दुकानी कोणी जाईना, न्हावी-धोब्यांनीही त्याचे काम सोडले. पाच महिन्यांनी सुप्याची होळी पेटली. सरकारी कचेरी, रेल्वे, तारायंत्र यांच्याकडे जमावाचा रोख नव्हता. ज्या कागदावर आपला अंगठा उठला आहे तोच कागद त्यांना नष्ट करावयाचा होता.

दंगा शमल्यावर आली ती १८७६-७८ ची दुष्काळाची वर्षे. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसा सावकाराने या वेळी कर्ज देण्यास नकार दिला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. खतावर आकडा आहे एवढ्यानेच तो खरा न मानता व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. कर्जासाठी तुरुंगात टाकण्याची रीत बंद झाली. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम पाहिले. उपाय योग्य दिशेचा होता, पण ज्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या त्यांना तो फार उशिरा मिळाला.

कापसाच्या या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला, खुद्द अमेरिकेत, याच काळात काय चालले होते? १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. जनरल शर्मन यांनी त्याच वर्षी जानेवारीत किनाऱ्यालगतची काही जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. काही महिन्यांतच नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी तो मागे घेतला आणि जमिनी जुन्या मालकांना परत दिल्या. माणसे मोकळी झाली, पण त्यांच्या हाती जमीन आली नाही. ती मग वाट्याने शेत कसू लागली. बियाणे, धान्य, कापड हे सर्व गावच्या दुकानातून उधार येई आणि त्यासाठी उभे पीक गहाण राही. हंगामाअखेर दुकानदार वही वाचून दाखवी आणि बाकी पुढील वर्षावर ओढली जाई. दुकानदाराला कापूसच हवा असे, म्हणून धान्य सोडून कापूसच लावावा लागे. १८६८ मधील चौदाव्या घटनादुरुस्तीने दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे सर्व कर्ज रद्दबातल ठरविले. युरोपातील धनिकांच्या हातचे कापसाचे रोखे कागदाच्या किमतीचे झाले. एका मोठ्या कर्जाला घटनेनेच असा पूर्णविराम दिला. जॉर्जियातील वाटेकऱ्याच्या आणि भीमथडीतील कुणब्याच्या लहान कर्जाला मात्र असा पूर्णविराम देणारे कोणी नव्हते.

तिसरे टोक ईजिप्तमध्ये होते. तेथेही कापसाच्या तेजीने खजिना भरला आणि इस्माईल पाशाने त्या भरवशावर कालवे, रेल्वे व राजवाडे यांसाठी युरोपातून अफाट कर्जे काढली. भाव उतरला, कर्ज उतरले नाही. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकावे लागले. १८७६ मध्ये देणी थकली आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा ईजिप्तमध्ये उतरल्या. दख्खनमध्ये जे एका शेतकऱ्याच्या बैलाचे व जमिनीचे झाले, तेच तेथे एका सबंध देशाचे झाले.

या तिन्ही ठिकाणी एकच क्रम दिसतो. युद्धाने भाव वाढविला. वाढलेल्या भावावर कर्जे उभी राहिली, सारे ठरले, करार झाले. युद्ध संपताच भाव आपल्या जागी परतला. त्याच्या आधाराने लिहिलेला कागद मात्र जागचा हलला नाही. नफा त्या चार वर्षांत ज्यांच्या हाती आला, त्यांतील काहींनी तो गमावलाही. परंतु देणे वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे राहिले, त्यांचा त्या नफ्यात वाटा फार थोडा होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याचा तो गौरव होता. दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात सारा, सावकार, कोर्टकचेऱ्या यांच्या चरकात सापडलेल्या कुणब्याची दैना आहे. अमेरिकेतील युद्धाने जे महत्कार्य केले त्याचे मोल पुण्यात बसून जाणणारा आणि त्याच पुण्याच्या परिसरातील शेतकऱ्याच्या पायांतील न दिसणारी बेडीही ओळखणारा, असा हा पुरुष होता. एकाच कालखंडाची ही दोन अंगे त्याच्या दोन ग्रंथांत शेजारी-शेजारी उभी आहेत.

ॲपोमॅटॉक्स येथे शरणागतीच्या अटी लिहिल्या गेल्या, तेव्हा पराभूत सैनिकांना त्यांचे घोडे नांगरणीसाठी घरी नेण्याची मुभा देण्यात आली. जनरल ग्रँट यांचे हे औदार्य इतिहासाने योग्यच वाखाणले आहे. सुप्याच्या शेतकऱ्याचे बैल दहा वर्षांनंतर कोर्टाच्या हुकूमनाम्याने दावणीवरून सोडून नेले जात होते. त्याच्यासाठी कोणी अटी लिहिल्या नव्हत्या, कारण तो त्या युद्धात होता हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.